संगणकाच्या भाषेचे धनी कोण?

(तरुण अभियंते व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



सत्तांतर म्हटले की डोळ्यांसमोर राजवाडे, संसदा आणि रणगाडे उभे राहतात. परंतु २७ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक सत्तांतर घडले आणि त्याची दखल आपल्याकडील बहुतेक वृत्तपत्रांनी केवळ अर्थविषयक पानावर घेतली. ओरॅकल या कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ७४० कोटी डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतली. कारखाने गेले, यंत्रे गेली, नोकरवर्ग गेला. कंपन्यांच्या खरेदीविक्रीत हे व्हायचेच. पण त्या गाठोड्यात आणखी एक वस्तू बांधलेली होती. ती वस्तू म्हणजे एक भाषा, आणि त्या भाषेचे व्याकरण ठरविण्याचा अधिकार.

ती भाषा म्हणजे जावा. आपल्या देशातील किती तरुण अभियंत्यांनी नोकरीची पहिली पायरी याच भाषेच्या आधाराने चढली, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बँका, विमा कंपन्या, शासकीय कार्यालये यांचे व्यवहार या भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्यांवर चालतात. आयकर विभागाने विवरणपत्र भरण्यासाठी जी साधने अनेक वर्षे उपलब्ध करून दिली, त्यांत एक एक्सेलमधील असे आणि दुसरे जावामधील. अँड्रॉइड फोनचा पायाही याच भाषेवर रचला गेला. अशी भाषा एका रात्रीत एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या राष्ट्रांना कोणी विचारते काय? या व्यवहारात विचारले नाही. तसे का झाले, याचे मूळ १९९९ सालात आहे.

एका वृक्षाचे नाव

१९९१ साली सन कंपनीतील जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनी घरगुती उपकरणांसाठी एक सुटसुटीत भाषा रचण्यास आरंभ केला. गॉस्लिंग यांच्या खिडकीबाहेर एक ओक वृक्ष होता. त्यावरून भाषेचे नाव ओक ठेवले. ते नाव दुसऱ्या एका कंपनीने आधीच नोंदविलेले निघाले, म्हणून ते बदलून जावा झाले. नावाच्या हक्काचा हा पहिला तंटा. पुढे आणखी एक तंटा येणार आहे. (सन कंपनीच्या चार मूळ शिल्पकारांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. अर्थात जावाचा जन्म होण्यापूर्वीच ते त्या कंपनीतून बाहेर पडले होते.)

२३ मे १९९५ रोजी ही भाषा जगापुढे आली. तिचे वैशिष्ट्य असे की, एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही कंपनीच्या संगणकावर चालावी. तोवर प्रत्येक यंत्रासाठी वेगळा खटाटोप करावा लागे. जावाने यंत्र आणि आज्ञावली यांच्यामध्ये एक दुभाषा बसविला. यंत्र कोणाचेही असो, दुभाषा तिथल्या बोलीत समजावून सांगतो. मात्र ही व्यवस्था टिकायची तर सर्व दुभाष्यांनी एकच अर्थ सांगितला पाहिजे. एकाने 'उजवीकडे' म्हणावे आणि दुसऱ्याने 'डावीकडे', असे झाले की सारा डोलारा कोसळला. म्हणूनच प्रमाण ठरविणे हा या भाषेचा प्राण होता.

ती भीती काल्पनिक नव्हती. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली जावाचा परवाना घेतला आणि केवळ विंडोजवर चालतील असे फेरफार आपल्या आवृत्तीत घुसविले. सनने ऑक्टोबर १९९७ मध्ये न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो वाद मिटविला. भाषेचे रक्षण करणारा खंबीर मालक असावा, असे त्या काळी अनेकांना वाटले ते याच अनुभवातून, आणि त्यांचे वाटणे अगदीच चुकीचे नव्हते.

राष्ट्रांचे मत जिथे हुकले

सनने १९९७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे, म्हणजे आयएसओचे, दार ठोठावले होते. या संघटनेत मत असते ते राष्ट्रांचे. भारताच्या वतीने भारतीय मानक ब्युरो तेथे बसतो. जावा तेथे प्रमाणित झाली असती, तर तिच्या नियमांत बदल करताना भारताला, ब्राझीलला, मलेशियाला आपले मत नोंदविण्याचा अधिकार मिळाला असता. ते मत मोठे की लहान हा प्रश्न वेगळा. ते मत हक्काचे असते.

संघटनेने मात्र एक अट स्पष्ट केली. एकदा मानक मान्य झाले की त्याची पुढील देखभाल आणि दुरुस्ती संघटनेकडे राहील. सनला मानकाचा शिक्का हवा होता. लेखणी हातची सोडायची नव्हती. १९९९ साली सनने तेथून काढता पाय घेतला. मग युरोपातील एक्मा या मानक संस्थेकडे मोर्चा वळविला. तेथेही मसुद्याच्या स्वामित्वहक्कावरून बिनसले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सन तेथूनही बाहेर पडली. गंमत अशी की, ज्या मायक्रोसॉफ्टला सारे जग मक्तेदार म्हणून दूषणे देत होते, तिने आपली सी-शार्प ही भाषा त्याच एक्माकडे नेली; २००१ साली तेथे आणि २००३ साली आयएसओमध्ये ती प्रमाणित झाली.

येथे पाणिनीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. संस्कृत भाषेचे नियम इतक्या काटेकोरपणे बांधणारा हा महापुरुष. पण त्याच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली, त्यात दुरुस्त्या सुचविल्या, आणि पतंजलीने दोघांचेही परीक्षण केले. वैयाकरणांच्या परंपरेने तर तिघांत मतभेद झाल्यास नंतरच्या मुनीचे मत अधिक प्रमाण मानले. अष्टाध्यायीची मालकी कोणाकडे, हा प्रश्नच कोणाला सुचला नाही. शास्त्र रचणाऱ्याचा मान सर्वोच्च, परंतु शास्त्र सुधारण्याचा अधिकार विद्वत्तेचा, हा संकेत तेथे होता. जावाच्या बाबतीत तो उलटा झाला.

सनने डिसेंबर १९९८ मध्ये आपल्याच छत्राखाली 'जावा कम्युनिटी प्रोसेस' नावाची पद्धत सुरू केली होती. ती दिसायला उदार होती. कोणीही प्रस्ताव मांडावा, तज्ज्ञांचा गट नेमला जावा, मसुद्यावर चर्चा व्हावी, कार्यकारी समितीने मतदान करावे. समितीत आयबीएम, इंटेल, एचपी यांसारख्या बड्या कंपन्या असत, तशाच ना-नफा संस्था आणि निवडून आलेले स्वतंत्र तज्ज्ञही असत. मात्र अध्यक्षपद सनकडे कायम. मूळ भाषेत बदल करायचा तर सनची संमती अनिवार्य. आणि 'जावा' हे नाव व कॉफीच्या कपाचे बोधचिन्ह सनच्या मालकीचे. या सभागृहात राष्ट्राला आसन नव्हते.

पण खरी मेख याहून खोल होती. कोणीही नियमपुस्तकावरून स्वतःचा दुभाषा तयार करू शकत असे. तो 'जावा' ठरण्यासाठी मात्र त्याने चाचण्यांच्या एका संचातून उत्तीर्ण व्हावे लागे. हा चाचणी-संच सनच्या कुलुपात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सर्वांना खुला, परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र एका व्यक्तीच्या खिशात, अशी ही रचना. तो कोणाला परीक्षेस बसू देईल आणि कोणत्या अटीवर, ते त्याच्या मर्जीवर.

अपाचेची परीक्षा

ही मर्जी कशी चालते, ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या अनुभवावरून कळते. स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी असलेली ही संस्था आपली आज्ञावली जगाला मुक्तपणे देते. तिने २००५ साली 'हार्मनी' या नावाने जावाचा स्वतंत्र अवतार घडविण्याचे काम हाती घेतले. २००६ साली तिने चाचणी-संच मागितला. सनने परवाना देऊ केला, पण अशी अट घातली की, चाचणीत उत्तीर्ण झालेली आज्ञावली विशिष्ट प्रकारच्या उपकरणांवर, विशेषतः भ्रमणध्वनीसारख्या साधनांवर, वापरता येऊ नये. कारण उघड होते. भ्रमणध्वनींवरील जावाच्या परवान्यांतून सनला उत्पन्न मिळत होते.

आता ज्या संस्थेचे ब्रीदच 'घ्या आणि हवे तेथे वापरा' हे आहे, तिने ही अट कशी स्वीकारावी? एप्रिल २००७ मध्ये अपाचेने सनला अनावृत पत्र लिहिले. सनने सभासदांशी केलेल्या करारातच अशा अटी लादणार नाही असे वचन दिले आहे, असे तिचे म्हणणे होते. सन ढिम्म हलली नाही. विशेष म्हणजे याच सनने काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये, जावाची स्वतःची आज्ञावली मुक्तस्रोत करीत असल्याचे मोठ्या समारंभाने जाहीर केले होते. कोठार उघडले, पण माप स्वतःजवळ ठेवले.

त्या वेळी अपाचेच्या बाजूने समितीत कोण उभे होते, हे ऐकण्यासारखे आहे. डिसेंबर २००७ च्या बैठकीत एक ठराव आला की, ही पद्धत कोणा एका कंपनीच्या अधीन न राहता खुली, स्वतंत्र आणि सर्वांना समान संधी देणारी मानक संस्था व्हावी. हा ठराव मांडला होता ओरॅकलने, आणि अनुमोदन दिले बीईए कंपनीने.

पुढच्याच वर्षी ओरॅकलने बीईएला ८५० कोटी डॉलरना गिळंकृत केले. त्याआधी २००५ मध्ये पीपलसॉफ्ट ही कंपनी, तिच्या संचालकांचा दीड वर्ष विरोध मोडून, १,०३० कोटी डॉलरना ताब्यात घेतली होती. त्याच वर्षी मुंबईतील आय-फ्लेक्स या कंपनीचे सिटीग्रुपकडील सुमारे ४१ टक्के समभाग ५९ कोटी ३० लाख डॉलरना घेतले. जगभरच्या बँका जिची आज्ञावली वापरतात अशी ही भारतीय गुणवत्तेची कंपनी. २००८ साली तिचे नावही बदलून ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर झाले. तेव्हा हे अधिग्रहणाचे राजकारण दूर देशातील आहे, असे मुंबईकरांनी तरी समजू नये.

वचनांची विक्री

२००९ च्या वसंतात डबघाईला आलेल्या सनशी आयबीएमची बोलणी फिसकटली आणि २० एप्रिलला ओरॅकलने बाजी मारली. अमेरिकी शासनाने ऑगस्टमध्ये हिरवा कंदील दाखविला. युरोपीय आयोगाने मात्र अनेक महिने छाननी केली. तिचा मुख्य रोख मायएसक्यूएल या माहितीकोशावर होता आणि त्याबाबत ओरॅकलकडून दहा जाहीर आश्वासने मिळाली. जावाचाही विचार झाला. आयोगाने २१ जानेवारी २०१० रोजी संमती देताना असा निष्कर्ष काढला की, ओरॅकल प्रतिस्पर्ध्यांची अडवणूक फारशी करू शकणार नाही, कारण जावाचे नियम बहुपक्षीय पद्धतीने ठरतात आणि तीत प्रतिस्पर्धीही आहेत. म्हणजे ज्या कुंपणाच्या भरवशावर शेत दिले, त्या कुंपणाची किल्ली शेत घेणाऱ्याच्याच हाती होती!

त्यानंतरचे अकरा महिने पाहा. एप्रिलमध्ये भाषेचे जनक गॉस्लिंग यांनी ओरॅकलचा राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये ओरॅकलने गूगलवर खटला भरला. ऑक्टोबरात आयबीएमने हार्मनीकडे पाठ फिरवून ओरॅकलच्या प्रकल्पाशी हातमिळवणी केली. बडे बड्यांशी जुळवून घेतात, स्वयंसेवकांचे काय व्हायचे ते होवो. समितीतील स्वतंत्र तज्ज्ञ, संगणकशास्त्राचे प्राध्यापक डग ली यांनी, या पद्धतीला आता अर्थ उरलेला नाही असे सांगून पुन्हा उमेदवारी करण्यास नकार दिला. त्याच सुमारास ओरॅकलने समितीवर होलॉजिक या, वैद्यकीय तपासणीची यंत्रे बनविणाऱ्या, आपल्या ग्राहक कंपनीला उमेदवारी दिली. सभासदांनी ती फेटाळली, ही त्या वर्षातील एकच दिलासा देणारी बातमी म्हणावी लागेल.

डिसेंबरात जावाच्या सातव्या आवृत्तीवर मतदान झाले. अपाचे, गूगल आणि एक स्वतंत्र तज्ज्ञ, असे तीनच सभासद विरोधात गेले. होकार देणाऱ्यांपैकीही काहींनी परवान्याच्या अटी आपल्याला मान्य नसल्याचे नोंदविले आणि तरी हात वर केला. ९ डिसेंबर २०१० रोजी अपाचे समितीतून बाहेर पडली. तीन वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा ठराव मांडणारी ओरॅकल आता मालक होती, आणि मालकाने तो ठराव पुन्हा वाचला नाही. हार्मनी प्रकल्प २०११ मध्ये गुंडाळला गेला.

गूगलवरील खटला तर अकरा वर्षे चालला. नोव्हेंबर २००७ मध्ये अँड्रॉइडची घोषणा झाली तेव्हा सनचे तत्कालीन प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी गूगलचे जाहीर अभिनंदन केले होते. अभिनंदन करणारा गेला, कंपनी विकली गेली, आणि नव्या धन्याने त्याच कृत्यासाठी शेकडो कोटी डॉलरची भरपाई मागितली. वादाचा विषय होता जावातील सुमारे ११,५०० ओळींचा, म्हणजे आज्ञांची नावे आणि त्यांची मांडणी यांचा. २०१२ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी अशा मांडणीवर कोणाची मालकी असू शकत नाही असा निर्णय दिला. वरिष्ठ न्यायालयाने २०१४ मध्ये तो फिरविला. २०१६ मध्ये ज्यूरीने गूगलचा वापर न्याय्य ठरविला. २०१८ मध्ये तेही फिरले. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर न्याय्य मानला. मात्र आज्ञांच्या नावांवर स्वामित्वहक्क असतो की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने बगल दिली. गूगलसारखा कुबेर अकरा वर्षे लढू शकतो. हिंजवडीतील वीस माणसांची कंपनी अकरा महिनेही लढू शकणार नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ओरॅकलने भाषा मरू दिली नाही. सनच्या अखेरच्या काळात जवळपास पाच वर्षे नवी आवृत्ती आली नव्हती. ओरॅकलने ती २०११ मध्ये आणली आणि सप्टेंबर २०१७ पासून तर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. समिती अगदीच निर्जीव नव्हती, याचाही एक पुरावा आहे. मे २०१७ मध्ये ओरॅकलची विभाग-रचनेची योजना समितीने १३ विरुद्ध १० मतांनी नाकारली आणि दुरुस्त्यांनंतरच जूनमध्ये ती संमत झाली. पण कारभार चांगला असणे आणि कारभारावर हक्क असणे यांत फरक आहे. इंग्रजांनीही आगगाड्या वेळेवर चालविल्या, असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ होते.

नावाचा दुसरा तंटा तो हाच. ओरॅकलने २०१७ मध्ये उद्योगांसाठीच्या जावाची मोठी शाखा एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या स्वाधीन केली. आज्ञावली दिली, चाचणी-संचही दिला. 'जावा' हे नाव दिले नाही. म्हणून २०१८ मध्ये तिचे नाव जकार्ता ठेवावे लागले, जावा बेटावरील शहराचे! एवढ्यावर भागले नाही. त्या शाखेतील घटकांच्या नावांमागे 'जावाएक्स' हा उपसर्ग असे. त्यांत बदल करण्यास ओरॅकलची अनुमती मिळेना. परिणामी २०२० अखेरच्या आवृत्तीत तो उपसर्ग सर्वत्र बदलण्यात आला, आणि जगभरच्या अभियंत्यांना चालू असलेल्या आज्ञावल्यांत, काहीही नवे न मिळविता, केवळ नावे बदलत बसावे लागले. हे काम येथील काहींनी स्वतः केले असेल.

आपल्या घरचा हिशेब

जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने जावाच्या आपल्या आवृत्तीची नवी शुल्कपद्धती जाहीर केली. शुल्क वापरणाऱ्यांवर नव्हे, संस्थेतील प्रत्येक कर्मचाऱ्यावर; हंगामी आणि कंत्राटीही त्यात मोजायचे. १,००० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेला जाहीर दर माणशी महिना १५ डॉलर. म्हणजे ५०० कर्मचाऱ्यांच्या कारखान्यात जावा पाच जण वापरत असले तरी वर्षाचे ९०,००० डॉलर. सुदैवाने हा भुर्दंड अटळ नाही. मुक्तस्रोत ओपन-जेडीकेवर आधारित आवृत्त्या एक्लिप्स, ॲमेझॉन आदी संस्था विनाशुल्क देतात आणि बहुतेक कामांना त्या पुरेशा आहेत. ते लक्षात न घेता आलेले देयक मुकाट्याने भरणे म्हणजे अज्ञानावर दिलेला कर होय.

भारताला हा विषय नवा नाही. महासंगणक नाकारला गेला तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम तयार झाला. हळदीवरील अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करविले. २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-मानकाला भारतीय मानक ब्युरोने विरोधी मत दिले. ते मानक जगाने मान्य केले ही गोष्ट खरी, पण भारताचे 'नाही' नोंदले गेले. कारण तेथे भारताला आसन होते. अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, युरोपीय निर्बंधांचे निमित्त होऊन गुजरातेतील वाडीनारचा तेल-शुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीची संगणकसेवा मायक्रोसॉफ्टने थांबविली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर ती पूर्ववत झाली. तो प्रश्न सेवेचा होता, भाषेचा नव्हे. परंतु दूरच्या कार्यालयातील निर्णयाने येथील मेज कसे ठप्प होते, हे त्यातून दिसले.

नोव्हेंबर २०१० मध्ये भारत शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. अपाचे राजीनाम्याच्या उंबरठ्यावर होती तेच हे दिवस. त्या धोरणात एक कलम आहे की, स्वीकारलेले मानक ना-नफा संस्थेने सांभाळलेले असावे आणि तिच्यात सर्व संबंधितांना पारदर्शकपणे सहभागी होता यावे. ही कसोटी जावाच्या नियमपद्धतीला लावली, तर 'सहभागी होता यावे' एवढा अर्धा भाग उत्तीर्ण होतो. 'ना-नफा संस्थेने' हा अर्धा होत नाही. राज्य शासनाच्या आणि महापालिकांच्या संगणकीकरणाच्या निविदा काढताना हे कलम किती ठिकाणी उघडून पाहिले जाते, ते निविदा लिहिणाऱ्यांनी सांगावे. निविदेत दोन अटी घालायला तरी हरकत नसावी: आज्ञावली मुक्तस्रोत आवृत्तीवर चालली पाहिजे, आणि केवळ एका विक्रेत्याकडे मिळणारे घटक तिच्यात नसावेत.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. मानक ब्युरोच्या तांत्रिक समित्यांवर उद्योग आणि शिक्षणसंस्था यांचे प्रतिनिधी घेतले जातात. आपल्या महाविद्यालयाने कधी विचारणा केली आहे काय, हे प्राचार्यांना विचारावे. आणि जावाच्या त्या सदोष सभागृहातही व्यक्तीला विनाशुल्क सभासद होता येते. २०११ मध्ये अपाचेच्या गमनानंतर ब्राझीलमधील 'सौजावा' आणि लंडनमधील जावा वापरणाऱ्यांचे मंडळ, अशा नागरिकांच्या दोन संघटना कार्यकारी समितीवर गेल्या. बड्या कंपन्यांच्या पंगतीत बसून त्यांनी कामकाज अधिक खुले करण्याच्या नियमांना हातभार लावला. ब्राझीलची ती संघटना साध्या प्रोग्रॅमरांची आहे.